हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

जेज्वीट संघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियसच्या आध्यात्मिक साधना, म्हणजे प्रार्थना-चिंतनाचा त्याने पुस्तकात नेमून दिलेला क्रम, म्हटलं की महिनाभर मौन, रिट्रीट हाऊसची खोली आणि तिथलं बेताचं जेवण एवढंच मला ठाऊक होतं. फादर-सिस्टर लोकांचं काम, आपलं नव्हे. पण खुद्द इग्नेशियसनेच पुस्तकाच्या आरंभी ज्या वीस सूचना दिल्या आहेत, त्यातली एकोणिसावी आमच्यासारख्यांसाठी आहे. ज्याला कामधंदा सोडून जाता येत नाही त्याने रोज दीड तास काढावा आणि तेच सगळं घरी राहून, सावकाश करावं. महिन्याभराच्या साधनेला मग सात-आठ महिने लागतात. मी तशी केली. वसईत आमच्याकडे ईस्टरआधीचा उपवासकाळ आला की शिस्त आणि समर्पण यांवर प्रवचनं भरपूर होतात. ती ऐकून घरी आल्यावर नेमकं करायचं काय, ते मात्र कोणी सांगत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

निमित्त वाडीचं झालं. वाडी लहानच. राजेळी केळी, कडेने नारळ, एक विहीर आणि एक बावखल, म्हणजे वाडीतलं छोटं तळं, तेही शेजारच्यांनी भराव टाकून निम्मं बुजवलेलं. आई आधीच गेली होती. वडील गेल्यावर काही महिन्यांनी दादाने हक्कसोडपत्राचा विषय काढला. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही, आम्हा दोघांना निम्मं-निम्मं. कायद्याने काही प्रश्नच नव्हता. प्रश्न रीतीचा होता. आमच्याकडे मुलीचं लग्न थाटात करून दिलं की तिचा हिशोब मिटला असं धरतात, आणि पुढे हिस्सा मागणारी बहीण माहेराला मुकते. माझ्या दोन्ही आत्यांनी मुकाट सह्या केल्या होत्या.

प्रार्थनागटातल्या बायका म्हणाल्या, "सोडून दे गं, प्रभू शंभरपट देईल." वाक्य शुभवर्तमानातलंच, खोटं कसं म्हणणार? पण मला माझंच कळत नव्हतं. सही केली तर ती दादा-वहिनीच्या धाकाने होणार होती, नाही केली तर हट्टाने. यात देवाच्या नावाला जागा कुठे होती? दादाला मी पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांब म्हटलं आणि ओळखीच्या एका सिस्टरांना जाऊन भेटले.

सिस्टरांनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी बजावल्या. साधना मध्यावर येईपर्यंत वाडीचा निर्णय घ्यायचा नाही, आणि मी मनाने कुठलाही जादा उपवास धरायचा नाही. मी ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेते, तरी मला वाटलं होतं की निदान शुक्रवार तरी कडक पाळावेत. त्यावर त्यांनी स्पेनमधल्या मानरेसा गावातली इग्नेशियसची हकीकत सांगितली. पांप्लोनाच्या लढाईत १५२१ साली तोफेच्या गोळ्याने पाय मोडलेला हा शिपाई बरा होऊन मानरेसाला येऊन राहिला, तेव्हा रोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना करायचा, केस-नखं कापत नव्हता. आपण आधीची पापं नीट कबूल केलीच नाहीत या शंकेने त्याला इतकं पोखरलं की जीव द्यावा असं वाटू लागलं. शंका जाईपर्यंत जेवायचंच नाही म्हणून त्याने आठवडाभर अन्न सोडलं. शेवटी कुमसार, म्हणजे पापांची कबुली, ऐकणाऱ्या गुरूने 'खा' म्हणून आज्ञा केली आणि त्याने ती ऐकली. हाच माणूस पुढे १५४८ मध्ये फ्रान्सिस बोर्जिया या स्पेनमधल्या ड्यूकला पत्र लिहून सांगतो की तुमच्या प्रार्थनेचा वेळ निम्मा करा आणि शरीराची हेळसांड थांबवा. संन्याशाच्या कडकपणाचं आपल्याकडे फार कौतुक. इथे 'उपवास आवर' या आज्ञेपुढे मान तुकवणं हीच मोठी शिस्त ठरली. मला ती मुळीच आवडली नव्हती, हेही सांगते. उपवास केला की काहीतरी केल्यासारखं वाटतं. नुसतं बसलं की काहीच केलं नाही असं वाटतं.

आणि काम तर बसण्याचंच होतं. वेळ पहाटेची, शाळेच्या आधीची. जागा स्वयंपाकघरातलं टेबल. शुभवर्तमान, मेणबत्ती, मोबाईल पालथा. सुरुवातीला छान गेलं. मग कोरडं पडलं. उतारा वाचावा तर अक्षरं नुसती समोरून सरकायची. फ्रिज मध्येच घरघरायचा, वरच्या मजल्यावर कोणीतरी नळ सोडायचं, आणि माझ्या डोक्यात आज डब्याला काय, नववीच्या वह्या तपासायच्या राहिल्यात, वहिनी त्या दिवशी तसं का बोलली, असं सगळं रांगेने येऊन उभं राहायचं. घड्याळात वीस मिनिटंही झालेली नसायची.

यावर इग्नेशियसचं औषध अजब आहे. प्रार्थना नकोशी वाटेल तेव्हा ठरलेल्या वेळेपेक्षा थोडा जास्त वेळ बसायचं. पोरांनी पळायचा बेत केला की मास्तरांनी तास वाढवावा, तसं. आणि अशा कोरड्या काळात आधी ठरवलेलं काहीही बदलायचं नाही. वेळ बदलावी, टेबल बदलावं, साधनाच थांबवावी असले सगळे शहाणे विचार नेमके याच वेळी सुचतात. कोरडेपणाची त्याने तीन कारणं दिली आहेत. एक, आपला आळस. दुसरं, आपली पारख. तिसरं मला फार दिवस पुरलं: प्रार्थनेतली गोडी आपण कमावत नाही, ती मिळते, हे आपल्याला कळावं म्हणून. खुर्चीत येऊन बसणं माझ्याकडे. पुढचं माझ्याकडे नाही. प्रवचनात हे वाक्य ऐकलं असतं तर मान डोलावून घरी आले असते. पहाटे त्या खुर्चीत ते अंगावर येतं.

दुसरं काम वहीचं. एकच दोष निवडायचा आणि दिवसातून तीनदा त्याच्याकडे बघायचं: सकाळी उठताना ठरवायचं, दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर मोजायचं. प्रत्येक दिवसाला दोन रेघा आखायच्या, जितक्या वेळा घसरलो तितकी टिंबं त्या रेघेवर. सकाळची दुपारशी, कालची आजशी, या आठवड्याची गेल्या आठवड्याशी तुलना करायची. पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाने हे आलेखाचं काम करून ठेवलंय याची मला, गणिताच्या शिक्षिकेला, गंमत वाटली. मी निवडलं होतं मनातल्या मनात वहिनीशी भांडणं. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये वही उघडून टिंबं काढायचे तेव्हा शेजारच्या बाईंना वाटायचं, हजेरी भरतेय.

मधले आठवडे मी भरभर सांगते, कारण ते ज्याचे त्यालाच कळतात. प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा, लोक काय बोलतात ते ऐकायचं, आपण त्यात कुठे आहोत ते बघायचं. बेथलेहेमच्या प्रसंगात इग्नेशियस सांगतो की तुम्ही तिथे एक गरीब नोकर होऊन त्यांचं हवं-नको बघा. मी पाणी तापवलं. बाळंतिणीच्या खोलीत जे करतात तेच केलं. त्या आठवड्यात वाडी आठवली नाही, एवढंच नोंदवते.

मग आला तीन प्रकारच्या माणसांचा पाठ. तिघांना दहा-दहा हजार डुकाट, म्हणजे त्या काळची सोन्याची नाणी, मिळालेत. चोरीचे नव्हेत, पण निव्वळ देवाच्या प्रेमासाठी मिळवलेलेही नव्हेत. पैशात जीव अडकलाय, आणि मन तर शांत हवंय. पहिला म्हणतो, सोडवेन हो ही ओढ, आणि मरेपर्यंत काहीच करत नाही. दुसऱ्यालाही ओढ सुटायला हवी असते, पण पैसे हातचे न जाता. म्हणजे देवानेच आपल्या मागून यावं. तिसरा ओढ टाकतो. पैसे ठेवायचे की द्यायचे, हे मात्र तो ठरवून टाकत नाही. देवाच्या सेवेला जे जास्त बरं दिसेल ते करू म्हणतो.

मी समजत होते की तिसरा पैसे देऊन टाकतो. प्रार्थनागटाचंही तेच मत पडलं असतं. पुस्तकात तसं नाही. तिथे पैसे टेबलावरच आहेत.

सिस्टरांना विचारलं, "मग मी सही करू की नको?" त्या हसल्या. साधना देणाऱ्याने साधकाला या नाहीतर त्या बाजूला ढकलू नये, तराजूच्या काट्यासारखं मधे उभं राहावं, अशी त्यांनाही सूचनाच आहे. त्यांनी मला वेगळंच काम दिलं. ज्या गोष्टीत जीव अडकलाय तिच्या उलट मागायचं. म्हणजे रोज पहाटे, 'वाडी मला नको, तुझी तशी इच्छा असेल तर ती माझ्याकडून काढून घे,' असं तोंडाने म्हणायचं. पहिल्या दिवशी ते ओठांबाहेर पडेना. विहिरीच्या कठड्यावर वडील मला बसवून डोकं पुसायचे, ती जागा सारखी पुढे यायची. म्हणत राहिले. गेथसेमनीच्या बागेत प्रभूने तरी एकदाच म्हणून कुठे भागवलं? मत्तय सांगतो की त्याने तिसऱ्यांदा तेच शब्द पुन्हा म्हटले, आणि आधी प्याला टळावा अशी मागणीही केली.

निर्णयाच्या वेळी मला वाटलं होतं काही प्रकाशबिकाश पडेल. पडला नाही. त्यासाठीही पुस्तकात रीत आहे, आणि ती बँकेच्या कारकुनाला शोभेल अशी आहे. सही करण्याचे फायदे, तोटे, न करण्याचे फायदे, तोटे, असे चार रकाने मांडायचे. मी मांडले. 'सही केल्याचे फायदे' यात पहिलंच कारण आलं: नाताळला माहेरी जाता येईल. 'न केल्याचे फायदे' यात आलं: वहिनीला कळेल. वाचून माझंच मला हसू आलं. दोन्ही खोडले. उरलेल्यात एक गोष्ट दोन रकान्यांत पुन्हा पुन्हा येत होती: दादा एकटा मालक झाला की वाडी बिल्डरकडे जाणार, आणि दादाला तरी ते मनातून हवंय का?

पुढची पायरी अशी: जिला कधी पाहिलं नाही, ओळखत नाही, पण जिचं भलं व्हावं असं वाटतं अशा व्यक्तीने हाच प्रश्न आणला, तर तिला काय सांगाल? मग तेच स्वतः करा. मी डोळ्यांपुढे मुरबाडकडची कोणी एक बाई आणली, माझ्याच वयाची. तिला मी क्षणात सांगितलं, "बाई, भावाशी भांडू नकोस, पण कोणाला घाबरून अंगठा उठवू नकोस." स्वतःसाठी इतके महिने जे सुचलं नव्हतं ते परकीसाठी तोंडावर होतं.

तरी सिस्टर म्हणाल्या, आता हे घेऊन देवापुढे बस आणि त्याला पटतंय का बघ. ठरलं तेव्हा आनंदबिनंद झाला नाही. पहाटेची छातीतली धडधड मात्र गेली.

दादाला जाऊन सांगितलं की हक्कसोडपत्रावर मी सही करणार नाही. वाटणीही मागणार नाही. सातबाऱ्यावर दोघांची नावं राहू देत, पीक तू खा, विकायची वेळ आली तर दोघांनी मिळून ठरवू. तो काही बोलला नाही. वहिनी बोलली, पुष्कळ बोलली. बाहेर पडताना माझे पाय कापत होते. त्या नाताळला माहेरहून फराळ आला नाही.

साधनेच्या शेवटी एक अर्पणाची प्रार्थना आहे. प्रभू, घे, माझं स्वातंत्र्य, माझी स्मृती, माझी बुद्धी, माझी सगळी इच्छा. जे काही माझ्यापाशी आहे ते त्यानंतर येतं. म्हणजे वाडीचा नंबर शेवटचा. मला वाटलं होतं तोच कठीण जाईल. अडकले मी स्मृतीपाशी. विहिरीचा कठडा देणं जड होतंच, पण वहिनीचं प्रत्येक वाक्य, तारीखवार, तोंडपाठ असलेलं, ते देणं त्याहून जड. ते दिलं तर मग माझी बाजू काय उरली? सिस्टरांना सांगितलं तर म्हणाल्या, "आज 'स्वातंत्र्य' पर्यंत म्हण आणि थांब." मी बरेच दिवस तिथेच थांबत होते. आता पूर्ण म्हणते. सगळं दिलंय असा दावा नाही.

कोणाला हे करायचं असेल तर एक सांगणं. पुस्तक आणून एकटीने वाचत बसू नका. ते वाचायचं नाहीच, ते साधना देणाऱ्याच्या हातात राहायचं पुस्तक आहे. आधी माणूस शोधा. वसई-मुंबईत जेज्वीट फादर आणि बऱ्याच सिस्टर हे काम करतात, धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, विचारलं तरी कळतं. आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा की पहाटे स्वयंपाकघर बंद.

पाऊस संपता संपता विहिरीची मोटर जळाली तेव्हा दादाचा फोन आला. "निम्मे तू घालशील ना? मालकीण आहेस म्हणून विचारतो." पैसे मी लगेच पाठवले. त्या रात्री वहीतल्या रेघेवर मात्र टिंबांना जागा पुरली नाही.