संशय एकावर, दोष दुसऱ्याचा

भाच्याचे ग्राफिक्स कार्ड आज अखेर उघडले. लक्षण सरळ होते: हे कार्ड बसवलेले असताना संगणक सुरूच होत नाही, पंखा जेमतेम हलतो आणि पॉवर सप्लाय स्वतःला बंद करून घेतो, कार्ड काढले की सगळे सुरळीत चालते. भाच्याने आधीच निकाल लावून ठेवला होता. सहा पिनांच्या सॉकेटशेजारच्या एका उंच, गोल कपॅसिटरच्या (वीज साठवणाऱ्या भागाच्या) बुडाशी पिवळसर डाग दिसतो, म्हणजे दोष त्याचाच, असे त्याचे म्हणणे होते. २००० नंतरच्या काही वर्षांत मदरबोर्डांवरचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर मोठ्या संख्येने फुगून फुटत असत, आणि गोल डबीकडे संशयाने पाहण्याची सवय तेव्हापासून लागली आहे. या कार्डावरचा कपॅसिटर मात्र घन पॉलिमरचा आहे; त्याच्यात सांडायला द्रव नसतो, आणि तो डाग कारखान्यात सोल्डर नीट पसरावे म्हणून लावलेल्या फ्लक्सचा होता, अल्कोहोलने पुसला गेला.

मग मल्टिमीटर घेतला. सहा पिनांच्या सॉकेटातील १२ व्होल्टची पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये, मीटरच्या तारांचा रोध वजा केल्यावर, जेमतेम ०.२ ओहम रोध दिसला. निरोगी कार्डात तिथे तो किलो-ओहममध्ये असतो; म्हणजे इथे कुठेतरी शॉर्ट होता, वीज थेट ग्राउंडला जात होती. कार्डाच्या मुख्य चिपला वीज पुरवणाऱ्या कॉइलपासून ग्राउंडपर्यंत १.१ ओहम भरला. हा आकडा पाहून नवखा माणूस घाबरतो आणि मीटरही कंटिन्युइटीवर (जोड तपासण्याच्या सेटिंगवर) आनंदाने बीप देतो, पण मोठ्या चिपचा रोध स्वभावतःच इतका कमी असतो. खरी भीती होती ती १२ व्होल्टकडच्या मॉस्फेटची, म्हणजे चिपकडे जाणारी वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचची, कारण तो शॉर्ट झाला असता तर सुमारे १ व्होल्टवर चालणाऱ्या चिपमध्ये थेट १२ व्होल्ट शिरले असते आणि दुरुस्तीचा विषयच संपला असता. म्हणून १२ व्होल्टची पिन ते कॉइल असाही रोध मोजला. तो १.३ ओहम आला, म्हणजे आधीच्या दोन आकड्यांची बेरीज; वाट ग्राउंडमधूनच जात होती. मॉस्फेट शॉर्ट असता तर इथे शून्याजवळचा आकडा दिसला असता. आजच्या दिवसातले सर्वात समाधानाचे माप हेच.

उरला प्रश्न असा की, १२ व्होल्टच्या वाटेवर समांतर जोडलेले सिरॅमिक कपॅसिटर बरेच आहेत, आणि त्यांतला एक शॉर्ट झाला तरी मीटरला सगळेच शॉर्ट दिसतात. बेंच सप्लायवर व्होल्टेजची मर्यादा १ व्होल्ट आणि प्रवाहाची २ ॲम्पिअर ठेवून वीज सोडली, कारण चुकून ती चिपपर्यंत गेलीच तरी १ व्होल्ट तिला सोसतो. शॉर्ट झालेला भाग तापतो, म्हणून तो ओळखायला बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरले. एका मॉस्फेटच्या कडेला असलेल्या तपकिरी तुकड्यावरचे, म्हणजे अशाच एका सिरॅमिक कपॅसिटरवरचे, अल्कोहोल आजूबाजूचे ओले असतानाच उडून गेले. त्याच्यावर ना चीर दिसत होती, ना जळल्याची खूण. त्याच्या आतले बेरियम टायटॅनेट या सिरॅमिकचे थर ठिसूळ असतात; जड हीटसिंकमुळे किंवा प्लग ओढताना बोर्ड वाकला की आतल्या आत तडा जातो आणि मधले धातूचे थर एकमेकांना जोडले जातात. हा तुकडा सॉकेटच्या अगदी जवळ होता, त्यामुळे मला तरी दुसरे कारण पटत नाही.

तो काढणे सोपे नव्हते. ग्राउंडचे रुंद तांबे उष्णता ओढून घेते आणि शिशाविरहित सोल्डर २१७ अंशांच्या पुढेच वितळते, म्हणून आधी हॉट एअरने बोर्ड सावकाश तापवला, दोन्ही टोकांना १८३ अंशांना वितळणारे शिशाचे सोल्डर मिसळले, भरपूर फ्लक्स लावला आणि मगच चिमट्याने तुकडा उचलला. रोध लगेच किलो-ओहमवर गेला.

बदली कोणता बसवावा, यावर मात्र बराच वेळ गेला. या कपॅसिटरवर काहीच छापलेले नसते आणि शॉर्ट झालेला मोजून उपयोग नाही. शेजारचा जुळा उचलून मोजला, तो १० मायक्रोफॅरडच्या आसपास भरला, आणि मोजून झाल्यावर परत जागेवर बसवला. १६ व्होल्टचा कपॅसिटर कागदोपत्री चालला असता. पण अशा सिरॅमिकची धारिता त्याच्यावर व्होल्टेज आले की उतरते, म्हणून पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, आणलेल्या सुट्या भागांतला २५ व्होल्टचा, एक्स७आर (तापमान बदलले तरी धारिता फारशी न बदलणाऱ्या) प्रकारचा, त्याच मापाचा निवडला. तो बसवताना सोल्डरिंगची तापलेली टोकदार इस्त्री थेट त्याच्या अंगाला लावली नाही, कारण अचानक बसलेल्या उष्णतेनेही सिरॅमिकला तडा जातो.

संध्याकाळी नवी थर्मल पेस्ट लावून कार्ड बसवले. पडद्यावर चित्र आले, आणि पूर्ण भार देऊन चालवल्यावरही १२ व्होल्टचा पुरवठा स्थिर राहिला. गोल कपॅसिटर तसाच ठेवला आहे. भाचा म्हणाला, “मामा, तोही बदलून टाका ना.” मी नकार दिला, त्याऐवजी कार्डाच्या मोकळ्या टोकाखाली आधाराची दांडी बसवायला त्याला सांगितले आहे.