कारण लेखी मिळेपर्यंत ओटीपी देऊ नका: सर्व्हिस सेंटरचा माझा अनुभव

फोन दुरुस्तीला टाकलात आणि 'वॉरंटीत बसत नाही' म्हणून तो तसाच परत देत असतील, तर नकाराचं कारण कागदावर हातात येईपर्यंत काउंटरवर मागतात तो ओटीपी देऊ नका. हे सुरुवातीलाच लिहिते, कारण माझं प्रकरण तिथेच अडलं आणि तिथूनच सुटलं.

फोन नौपाड्यातल्या दुकानातून घेतलेला, ३८ हजारांचा, वॉरंटी अजून शिल्लक. खोक्यावर ठळक अक्षरांत आयपी ६८. यातला ६ धुळीसाठी आणि ८ पाण्यासाठी. म्हणजे एक मीटरपेक्षा खोल पाण्यात, कंपनीने सांगितलेल्या वेळेपर्यंत फोन तग धरतो. चाचणी गोड्या पाण्यात, प्रयोगशाळेत होते. जुलैमध्ये फोन चार्जिंगला लावला की 'पोर्टमध्ये ओलावा आहे' असा मेसेज येऊ लागला. कोरड्या घरात, रात्रभर पंख्याखाली ठेवूनही तेच. घोडबंदर रोडवरच्या अधिकृत सेंटरमध्ये तो जमा करणं सोपं गेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग फोन आला. "मॅडम, लिक्विड डॅमेज आहे. बोर्ड बदलावा लागेल, २१ हजार होतील." बोर्ड म्हणजे फोनच्या आतलं मुख्य सर्किट.

फोनमध्ये काही ठिकाणी छोट्या पांढऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. पाणी लागलं की त्या लाल होतात. सिमच्या खाचेतली पट्टी लाल झाली, एवढ्यावर हा निकाल. मी म्हटलं, फोन पाण्यात पडलेलाच नाही. आणि पडला असता तरी खोक्यावर काय छापलंय? काउंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणाला, "ताई, ते जाहिरातीत असतं. वॉरंटीत पाणी कव्हर नाही." तो खोटं बोलत नव्हता. वॉरंटीच्या बारीक अक्षरांत खरंच तसं होतं. जी गोष्ट दाखवून फोन विकायचा, तीच वॉरंटीतून वगळायची, याचा मला अजूनही राग येतो.

हे सगळीकडेच खपवून घेतात असंही नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने नेमक्या याच कारणावरून, म्हणजे फोन पाण्यात टिकतो अशी जाहिरात करून वॉरंटीत मात्र पाण्याचं नुकसान नाकारलं म्हणून, अ‍ॅपलला १ कोटी युरोंचा दंड केला. जून २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने सॅमसंगला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरायला लावले. जाहिरातीत फोन तरणतलावात आणि समुद्रात दाखवले होते, आणि ओल्या फोनला चार्जर लावला तर पोर्ट गंजू शकत होतं. माझा फोन या दोन्ही कंपन्यांचा नाही, पण जाहिरातीची भाषा सगळ्यांची सारखीच आहे.

आता ओटीपी. मी २१ हजार देणार नाही म्हटल्यावर त्यांनी फोन पुढे सरकवला आणि म्हणाले, "ओटीपी द्या, जॉब क्लोज करतो." मेसेज नीट वाचला. फोन मिळाला आणि सेवेबद्दल समाधानी आहे, याची खात्री देण्यासाठी तो आकडा होता. मी समाधानी नव्हते. जॉब शीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, फक्त दोन शब्द होते, लिक्विड डॅमेज. कुठे, किती, कशावरून ठरवलं, काही नाही. मी म्हटलं, कारण लिहून द्या, फोटो द्या, मग ओटीपी देते. "सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही." मग हाताने लिहून शिक्का मारा. "आम्हाला परवानगी नाही." मॅनेजर जेवायला गेलेले. ते आल्यावर पुन्हा हेच संभाषण, फक्त आवाज चढलेला. मागच्या रांगेतले काका मला म्हणाले, द्या हो, कशाला डोक्याला ताप. मी दिला नाही. फोन तिथेच ठेवून, जॉब शीटचा फोटो काढून निघाले.

त्यानंतर रोज फोन. आधी विनंती, मग 'ठेवल्याचं भाडं लागेल' अशी धमकी. शेवटी एकाने मोकळेपणाने सांगितलं, "ताई, जॉब उघडा राहिला की वर आमची पेंडन्सी दिसते." तेव्हा कळलं की अडचण माझ्याइतकीच त्यांचीही आहे.

मी कंपनीला ईमेल केला आणि तीनच प्रश्न विचारले. आतल्या कोणत्या पट्ट्या लाल आहेत? बोर्डवर गंज कुठे आहे? मागच्या झाकणाचं सील शाबूत होतं का? तिन्हींचे फोटो मागितले. सोबत १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येतं. ते आदेश देऊ शकत नाहीत, पण तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागतात. ऑनलाइन घेतला असेल तर विकणाऱ्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याला ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करावं लागतं.

फोटो आले. सिमच्या खाचेतली पट्टी लालसर, आतल्या सगळ्या पांढऱ्या. बोर्डवर गंज नाही. त्यांच्याच फोटोंनी त्यांचं म्हणणं खोडून काढलं. कंपनीने बोर्ड फुकट बदलून दिला. ईमेल वाचला तेव्हा मी ऑफिसात मोठ्याने 'जिंकले' म्हणाले.

बोर्ड फुकट बदलून दिला नसता, तर जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी होती आणि ईमेलमध्ये तसं लिहिलंही होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. जानेवारी २०२५ पासून ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ती ऑनलाइन दाखल होते. आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायलाही पाठवू शकतो, आणि हे वाक्य ईमेलमध्ये जरूर घाला.

हो, एक राहिलंच: फोन जमा करण्याआधी बॅकअप घ्या, सिम काढा, चारही बाजूंनी फोटो काढा. पासवर्ड मागितला तर का हवा ते विचारा.

आणि बोर्ड बदलला की आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, बदलतो. बिलावर जुनाच असतो, त्यामुळे पुढे विमा किंवा चोरीची तक्रार अडते. नव्या नंबरचं पत्र सेंटरकडून शिक्क्यासह घ्या आणि घरी येऊन इंग्रजीत 'KYM', जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवून तपासा. मला पत्र सहज मिळालं नाही. या वेळीही ते हातात पडल्यावरच ओटीपी दिला.