खाली तोंड केलेले घुमट

सह्याद्रीत भूशास्त्राचं काम शिकलेल्या माणसाला हिमालय छळतो तो थर वाचताना. आपल्याकडे बेसॉल्टचे थर बहुतेक आडवे. खालचा आधीचा, वरचा नंतरचा, विषय संपला. उत्तराखंडातल्या कुमाऊंत गंगोलीहाटच्या उतारांवर, सरयू आणि रामगंगेच्या बेचक्यात, थर तिरके, दुमडलेले. मूळची वरची बाजू कुठली, हे खडकालाच विचारावं लागतं.

त्या दिवशी रस्त्यासाठी नव्याने कापलेल्या दरडीशी थांबलो. राखाडी दगड, वर हत्तीच्या कातडीसारख्या भेगा. पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा थेंब टाकला. चुनखडी असती तर लगेच फसफसली असती. हा ढिम्म. चाकूने खरवडून त्या पुडीवर थेंब सोडला, तेव्हा कुठे बारीक बुडबुडे आले. डोलोमाइट, चुनखडीचा मॅग्नेशियमवाला भाऊबंद.

सोबतचे दाज्यू (कुमाऊंनीत थोरला भाऊ) पूर्वी खडियाच्या, म्हणजे शंखजिऱ्याच्या खाणीत होते. “साहब, इसमें खड़िया नहीं निकलेगी,” म्हणाले आणि बिडी पेटवली. बरोबर होतं त्यांचं. याच पट्ट्यात काही ठिकाणी मॅग्नेशियमयुक्त द्रवांनी डोलोमाइटचा मॅग्नेसाइट (मॅग्नेशियम कार्बोनेट) केला, सिलिका आली तिथे शंखजिरं तयार झालं. इथे तसलं काहीच नव्हतं.

बाटलीतलं पाणी दगडावर ओतलं आणि पातळ पापुद्र्यांच्या कमानी उमटल्या. स्ट्रोमॅटोलाइट! उथळ समुद्रात सूक्ष्मजीवांच्या चिकट थरांवर गाळ साचत, उजेडाकडे वाढत गेलेले घुमट. पिथोरागडचेच खड्गसिंह वल्दिया यांनी 1960च्या दशकात अशाच घुमटांचा अभ्यास केला, आणि बरेच अलीकडचे समजले जाणारे हे थर कॅम्ब्रियनपूर्व, म्हणजे सुमारे 54 कोटी वर्षांहून जुने ठरले. शिंपल्यांचा, माशांचा तेव्हा पत्ताच नव्हता.

पण इथे घुमटांची पाठ जमिनीकडे होती.

आमच्या वरिष्ठांचा पहिला प्रश्न अपेक्षितच: “वरून गडगडलेला धोंडा नाही ना?” रास्त शंका, डोंगरात असल्या धोंड्यांनी भलेभले फसतात. थर दोन्ही बाजूंना सलग जात होता, कल तोच. वर चढून पाहिलं, तिथेही कमानी उलट्याच. म्हणजे दरडीचा हा भाग घडीची उलटलेली बाजू, आणि नकाशावर वर दाखवलेला थर प्रत्यक्षात जुना.

वरिष्ठांनी नकाशावरची रेघ खोडली नाही, बाजूला पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. घडीचा बाक डोळ्यांनी दिसल्याशिवाय ते मानणार नव्हते. मग दुपारभर त्या बाकाच्या शोधात नाल्यातून वर, बिच्छू घासाचे, म्हणजे तिथल्या खाजऱ्या झुडपाचे चटके खात.