नाशिकची कबुतरं, उरुळीहून

माझा धंदा टेम्पोचा. आठवडाभर भाजी, फर्निचर, मंडपाचं सामान. थंडीच्या मोसमात शनिवारी रात्री मात्र कबुतरं. भांडुप, कांजूर, मुलुंडच्या गच्च्यांवरच्या ढाबळींतली शर्यतीची होमर कबुतरं, म्हणजे लांब सोडली तरी घरी परतणारी, करंड्यांत भरून घ्यायची, रातोरात सोडायच्या जागेवर पोचायचं, पाणी पाजायचं आणि उजाडलं की झाकणं उघडायची. ती उडत घरी जातात, मी टोल भरत. 2025 मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्री घालून बंद झाल्यापासून सोसायटीतले लोक या करंड्यांकडेही तिरकं बघतात. शर्यतीचं कबुतर रस्त्यावरचा दाणा टिपत नाही, हे कुणाकुणाला सांगत बसणार?

इतकी वर्षं लाइन, म्हणजे कबुतरं सोडायची बाजू, एकच होती, नाशिकची. आधी कसारा, मग इगतपुरी, मग नाशिक, पुढे धुळे. पण हिवाळ्यात घाटातल्या बहिरी ससाण्यांनी कबुतरं इतकी मारली की क्लबानं लाइनच बदलली : पुणे, आणि पुढे सोलापूर. मीटिंगमध्ये सगळ्यांना एकच घोर, की नाशिकच्या बाजूनं तयार झालेलं कबुतर पुण्याहून घर शोधेल का. मला घोर होता मावळातल्या धुक्याचा, पण टेम्पोवाल्याला कोण विचारतो.

पनवेलहून थोडा सराव झाला आणि लगेच पहिली शर्यत लागली ती उरुळी कांचनहून. भांडुपपासून हवाई अंतर दीडशे किलोमीटरच्या आत, नाशिकपेक्षा थोडंसंच जास्त. त्यामुळे मंडळी निर्धास्त होती. फरक अंतरात नव्हताच. नाशिकहून भांडुप नैर्ऋत्येला पडतं. जानेवारीच्या सकाळी उडताना ऊन डाव्या अंगाला लागतं. उरुळीहून जायचं वायव्येकडे, त्यामुळे सूर्य थेट शेपटीमागे. कबुतर सूर्यावरून दिशा धरतं, पण ‘ऊन डावीकडे ठेव’ असं पाठ करून नव्हे; किती वाजले याचा हिशेब त्याच्या अंगातच असतो. बंद खोलीत दिव्यांनी दिवस-रात्र सहा तास पुढेमागे केलेली कबुतरं बाहेर सोडली, तर ती जवळजवळ काटकोनात चुकीच्या दिशेला निघतात. हा प्रयोग शास्त्रज्ञांनी कितीदा तरी केलेला आहे.

साडेसातला सोडायचं ठरलं होतं. मी मावळात, वाटेवरच्या कामशेतच्या ओळखीच्या दूधवाल्याला फोन लावला. “समोरचा गोठा दिसत नाही,” तो म्हणाला. म्हणजे थांबणं आलं. भांडुपहून फोनवर फोन : सोड, अजून का सोडलं नाहीस? सव्वानऊला त्याच्याकडे ऊन पडलं तेव्हा मी झाकणं उघडली.

नाशिकला ही कबुतरं एक चक्कर मारायची आणि दिसेनाशी व्हायची. इथे दीडशेच्या आसपास पाखरं वर गेली आणि पहिलाच झोक घेतला तो नैर्ऋत्येला, सासवडच्या डोंगरांकडे. म्हणजे नाशिकची सवय. एकाच बाजूनं तयार केलेली कबुतरं अनोळखी जागी सोडली की आधी त्याच दिशेला ओढ खातात, हे जुने शौकीन सांगायचे; मी ते डोळ्यांनी पहिल्यांदा बघत होतो. थवा लांब गेला, वळला, डोक्यावर परत आला, पुन्हा चकरा सुरू. मग एक तुकडी फुटून वायव्येला निघाली. तिच्यामागून बहुतेक सगळी गेली. काही मात्र मागेच घिरट्या घालत राहिली.

सगळे काका म्हणतात ते आमच्यातले सर्वांत जुने शौकीन. त्यांचं मत असं की कबुतर भांडुपच्या खाडीच्या वासानं घरी येतं. मी हसायचो. पण इटलीतल्या पिसा इथे फ्लोरियानो पापी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये वास घेता न येणारी कबुतरं अनोळखी जागेहून सोडली, आणि ती भटकली. ओळखीच्या जागेहून सोडलेली अशी कबुतरं मात्र घर गाठू शकतात. म्हणजे नाशिकची गोष्ट वेगळी, उरुळीची वेगळी.

पहिलं कबुतर पावणेबाराला आलं, कांजूरच्या ढाबळीत. वर्षाच्या आतला पठ्ठा, नाशिक एकदाही न केलेला. पुढची तीन-चार तशीच कोवळी. मी फोनवर प्रत्येकाला विचारत होतो, “कुठल्या बाजूनं आलं?” सगळ्यांचं उत्तर एकच : घणसोलीकडून, खाडीवरून सरळ.

काकांचा नर, नाशिकला कायम पहिल्या पाचांत असणारा, दोन वाजले तरी नाही. तोवर समुद्रावरचं वारं सुटलं होतं. दुपारी ते वायव्येकडून येतं, म्हणजे उरुळीच्या कबुतरांच्या अगदी चोचीवर. नाशिकच्या लाइनला तेच वारं आडवं लागायचं, तोंडावर नाही. धुक्यामुळे गेलेल्या पावणेदोन तासांची किंमत मागच्या पाखरांनी इथे मोजली.

साडेतीनला काकांचा फोन आला. “अरे, आला. पण मुलुंडकडून!”

उरुळी ते भांडुप सरळ रेघ ओढली तर ती कामशेत, माथेरान, घणसोली अशी येते. मुलुंडकडून यायला त्याला वर कल्याण-भिवंडीपर्यंत जावं लागलं असणार. तिथे त्याला त्याची जुनी वाट भेटली आणि ती धरून तो आला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2004 मध्ये कबुतरांच्या पाठीवर जीपीएस लावून हेच दाखवलं : कबुतराची वाट एकदा पक्की झाली, की वाटेच्या जरा बाजूला नेऊन सोडलं तरी ते सरळ घरी न जाता आधी आपली वाट गाठतं. आमच्या नरानं तेच केलं, फक्त फार मोठ्या पल्ल्यावर.

संध्याकाळी क्लबात ‘कबुतरं दिशा चुकली’ असंच सगळे बोलत होते. मला ते पटलं नाही. दिशा चुकली असती तर दुसऱ्या दिवसापर्यंत करंड्यांतली बहुतेक पाखरं घरी दिसलीच नसती. दहा-बारा आली नाहीत, तेवढी नाशिकहूनही राहायची. वेळ गेला तो सवयीपायी, आणि जितकं कबुतर जुनं तितका जास्त गेला. पनवेल, खोपोली, लोणावळा, तळेगाव असे टप्पे आधी करायला हवे होते, आणि तेही पठ्ठ्यांपेक्षा जुन्या पाखरांसाठी. पुढच्या शनिवारपासून क्लबानं तेच सुरू केलं. तळेगावला तर माझ्या डोक्यावर दोनच चकरा झाल्या.

काकांचा नर मात्र तळेगावहूनही मुलुंडकडूनच आला. सोलापूरला जुनी कबुतरं भरायची की नाहीत यावर क्लबात अजून भांडण चालू आहे. काकांनी त्याचं नाव मागे घेतलंय आणि त्याची दोन पिल्लं दिली आहेत, जी अजून ठाण्याच्या बाजूला नेलेलीच नाहीत.