आमची वाटचाल : विहिरीतल्या दगडाचं पुस्तक

चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यातल्या आमच्या गावात आमची लहानशी प्रेस आहे. लग्नपत्रिका, पावतीबुकं, भागवत सप्ताहाची पत्रकं हेच काम. पुस्तकं काढू असं कधी मनातही आलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात वावरात विहीर खोदायला घेतली. बाहेर टाकलेल्या गोट्यांमधून माझा मुलगा एक काळा दगड घेऊन आला. त्यातल्या पोकळीत पांढरे चमकदार स्फटिक होते. “आई, दगडात साखर कशी गेली?” मला उत्तर येत नव्हतं. त्याच्यासाठी आणलेल्या पुस्तकांत दूरदेशीचे ज्वालामुखी होते, पण आमचा काळा दगड नव्हता. तो दगडही लाव्हाचाच, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पुढे झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत खनिजं आणून भरली. हे मला समजलं तेव्हा ठरवलं, की हे मुलांना त्यांच्याच शब्दांत सांगायचं. काळी माती, मुरूम, गारगोटी ही नावं त्यांना घरातूनच मिळालेली असतात.

माझे दीर चित्रकलेचे शिक्षक. भाऊजींनी विहिरीचं पहिलं चित्र काढलं. वर काळी माती, मधे मुरूम, खाली खडक, अगदी नीटनेटके पट्टे. ते मी विहीर खोदणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना दाखवलं. ते म्हणाले, “मुरूम का पट्टीनं आखल्यावानी रायते, बाई? गोटे कांद्यावानी सुटते.” त्यांनी आम्हाला काठावर नेऊन दाखवलं. खडक वरून झिजत येतो, त्याचे गोल गोटे होतात, गोट्यांचे पापुद्रे सुटतात आणि पापुद्र्यांचा चुरा म्हणजे मुरूम. रेघ कुठेच नाही. भाऊजी तीन दिवस तिथेच बसून चित्र काढत होते. आमच्या पुस्तकाचं ते पान मला आजही सगळ्यात जास्त आवडतं.

कटिंग मशीनसाठी ठेवलेल्या पैशातून पहिल्या हजार प्रती नागपूरला छापून आणल्या. पहिल्या प्रूफमध्ये काळा दगड जांभळा आला होता. मी खिशातून दगड काढून मशीनवाल्याच्या टेबलावर ठेवला आणि रंग जुळेपर्यंत हलले नाही. पुढे एका कार्यालयाने प्रती घेतल्या आणि बिल वर्षभर अडकवलं. तेव्हा पत्रिकांच्या कामावर घर चाललं.

सगळ्यात अवघड होतं वर्षं समजावणं. कोटी म्हटलं की मुलं नुसती मान हलवतात. मग ज्वारी घेतली. एक दाणा म्हणजे हजार वर्षं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला, 1674 ला, अजून अर्धा दाणाही झालेला नाही. विहिरीतला काळा दगड म्हणजे सहासष्ट हजार दाणे, साधारण दोन किलो ज्वारी. वणी-घुग्गुसचा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना, म्हणजे साडेसात किलोच्या वर. पृथ्वीचं वय काढलं तर सव्वा क्विंटलच्याही पुढे जातं. शाळेत गेलो की ताटात दाणे मांडतो. मुलं आपल्या हाताने एक दाणा उचलून “हे आपलं” म्हणतात आणि ताटाकडे बघत राहतात. शिक्षकही बघत राहतात.

पुस्तकासोबत एक पुडी देतो. त्यात मुरूम, गारगोटी, कोळशाचा तुकडा आणि काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे खडे. खडा कुटून त्यावर लिंबू पिळलं की फेस येतो. आमच्याच तालुक्यात पिसदुऱ्याला डायनोसॉरचे जीवाश्म सापडले, त्यांची अश्मीभूत विष्ठासुद्धा. ते पान उघडलं की वर्ग हसून हसून लोळतो आणि मग प्रश्न थांबत नाहीत. लोणारचं सरोवर आम्ही मुद्दाम शेवटी ठेवलं. आधी स्वतःचं वावर, मग ते पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंदीचं विवर.

ब्रह्मपुरीकडच्या एका शाळेत मात्र मी निरुत्तर झाले. चौथीतली एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, आमच्या बांधीत त असं काहीच नाही.” बांधी म्हणजे धानाचं शेत. तिचं खरंच होतं. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या त्या धानाच्या भागात, आमचा काळा दगड नाही. तिथले खडक त्याहून फार जुने, काही तर दोनशे कोटी वर्षांपलीकडचे. आमच्या हिशेबाने पोतंभर ज्वारी. मी त्या मुलीच्या हातात दुसऱ्याच गावचं पुस्तक दिलं होतं.

म्हणून आता झाडीसाठी वेगळं पुस्तक करतोय. यावेळी चित्राआधी शाळांना कोरे कागद पाठवलेत. मुलांनी आपल्या गावच्या विहिरीत किंवा बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर काय काय दिसतं ते काढून पाठवायचं. आतापर्यंत आलेले कागद भाऊजींनी प्रेसच्या भिंतीवर चिकटवलेत. एकात लाल माती, खाली पिवळी, त्याखाली चकाकणारा दगड आहे. तो कोणता ते बघायला आम्ही पुढच्या रविवारी त्या गावाला निघालोय.