शेपटीवाला के सुटला, आता क्रिस्पची चौकट

सुटला एकदाचा! (नव्याने वाचणाऱ्यांसाठी: दादा शिकागोत बसून कब्स या बेसबॉल टीमच्या मॅचेसचा स्कोअर वह्यांमध्ये लिहायचा, त्या वह्या मी रेट्रोशीटच्या, म्हणजे जुन्या मॅचेसच्या नोंदी जमवणाऱ्या संस्थेच्या, फॉरमॅटमधल्या फाइल्समध्ये उतरवतेय.) मागच्या अपडेटमध्ये ज्याच्या नावाने खडे फोडले होते तो दादाच्या स्कोअरबुकातला शेपटीवाला के, म्हणजे सरळ के काढून त्याच्या खालच्या पायाला मागे वळवलेला फराटा, त्याचा अर्थ काल रात्री लागला आणि मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवत बसले.

के म्हणजे स्ट्राइकआउट, तीन स्ट्राइक होऊन बॅटर आऊट. सरळ के बॅट फिरवून आऊट, उलटा के नुसतं बघत राहून आऊट, इथपर्यंत दादा जगासारखाच होता. शेपटी मात्र कुठल्याच गाईडमध्ये नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलं की तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला असेल, पण ते मी तपासलं, तिथे तो के लिहून शेजारी 2-3 (कॅचरने पहिल्या बेसला बॉल टाकून आऊट केलं) लिहितो, शेपटी नाही. मग वाटलं ही पिचरची खूण. कारण जवळजवळ सगळ्या शेपट्या नवव्या नंबरच्या रांगेत, जिथे तेव्हा सहसा पिचर बॅटिंगला यायचा, आणि 2015 च्या वहीत त्या अचानक आठव्या रांगेत सरकतात, तर तेव्हा कब्सचा मॅनेजर जो मॅडन पिचरला आठव्या नंबरवर खेळवायचा! 2020 च्या वहीत एकही शेपटी नाही, त्या वर्षी कब्सच्या नॅशनल लीगमध्येही डीएच (पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा खेळाडू) होता, पिचर बॅटिंगला आलेच नाहीत. 2021 ला पिचर परत, शेपट्या परत. मी खूश. फक्त एक खटकत होतं, पिचर तर वाट्टेल तसे स्ट्राइकआउट होतात, मग शेपटी मोजक्यांनाच का?

आणि मग 2016 च्या वर्ल्ड सिरीजची गेम सेव्हन, म्हणजे शेवटची निर्णायक मॅच, उघडली आणि थिअरी धाडकन आपटली. मॅच क्लीव्हलँडला, म्हणजे अमेरिकन लीगचे नियम, म्हणजे डीएच, पिचर बॅटिंगला येण्याचा प्रश्नच नाही. आणि तरी नवव्या इनिंगमध्ये नवव्या रांगेत शेपटीवाला के. बॅटर हावियर बाएझ.

ही मॅच मी पाहिली होती. दादा शिकागोत घरी टीव्हीसमोर मांडीवर वही घेऊन, मी पुण्यात लॅपटॉपसमोर, कानात इअरफोन, 3 नोव्हेंबरची सकाळ, भाऊबीज होऊन दोनच दिवस झालेले (त्या वर्षीची ओवाळणी म्हणून मी कब्सची जीत मागितली होती, त्याने दिलीसुद्धा, पण दहाव्या इनिंगपर्यंत रडवून). स्कोअर 6-6, एक आऊट, हेवर्ड तिसऱ्या बेसवर, नुसता एक सॅक फ्लाय (उंच फटक्यावर बॅटर कॅच आऊट, पण तिसऱ्या बेसवरचा धावून रन काढतो) हवा होता. बाएझचा काउंट 3-2 (तीन बॉल, दोन स्ट्राइक) आणि त्याने बंट मारला, म्हणजे बॅट न फिरवता बॉल नुसता हळूच टेकवला. फाउल. दोन स्ट्राइकनंतर फाउल बंट म्हणजे सरळ आऊट. दादा फोनवर जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही, मागून वहिनीचा आवाज आला, अहो पोरगं जागं आहे.

तर शेपटी म्हणजे फाउल बंटवर स्ट्राइकआउट! पिचरच का ते आता उघड आहे, बेसवर माणूस असला की त्याला पुढे सरकवायला बिचाऱ्यांना बंटच करायला लावायचे. मग बसून पटापट सगळ्या शेपट्या तपासल्या, प्रत्येक वेळी बेसवर कोणीतरी आहे आणि आऊट दोनपेक्षा कमी. एकही अपवाद नाही. रेट्रोशीटच्या फॉरमॅटमध्ये फाउल बंटच्या पिचला एल हे अक्षर आहे, भाच्याने फाइल्स तपासणाऱ्या त्याच्या पायथन स्क्रिप्टमध्ये के-शेपटी म्हणजे शेवटचा पिच एल असं टाकलं आणि इतके दिवस अडलेल्या फाइल्स एका झटक्यात पास झाल्या. रेट्रोशीटवाल्यांचं किती कौतुक करावं, 1989 पासून बहुतेक सगळं काम स्वयंसेवकांच्या जिवावर आणि डेटा फुकट.

फक्त गेम सेव्हनची फाइल पास झाली नाही.

स्क्रिप्ट आठव्या इनिंगला थांबते. कारण दादाच्या पानावर कब्सचा पिचर चॅपमनला क्लीव्हलँडच्या रजाय डेव्हिसने मारलेला होम रन आहे (दोन रन, 6-6, पेन्सिल इतकी दाबलेली की मागच्या पानावर उठलीय), आणि त्यानंतर एकदम गोम्सचा के. मधली कोको क्रिस्पची चौकट कोरी. प्रत्यक्षात क्रिस्पने सिंगल (पहिल्या बेसपर्यंतचा फटका) मारली होती. गंमत म्हणजे बॉक्स स्कोअरचा (मॅचच्या आकड्यांच्या तक्त्याचा) ताळा जुळतो! एकूण बॅटर बरोबर रन, अधिक बेसवर राहिलेले, अधिक समोरच्यांचे पुटआउट (त्यांनी केलेले आऊट), हा हिशोब आपण सगळे लावतो, पण क्रिस्प बॅटर म्हणूनही गायब आणि बेसवर राहिलेला म्हणूनही गायब, दोन्ही बाजूंनी एक-एक कमी, ताळ्याला पत्ताच नाही. ज्यांचा त्या ताळ्यावर फार विश्वास आहे त्यांनी हे लक्षात ठेवा, बॅटिंगचा क्रम वेगळा तपासायलाच हवा.

भाचा म्हणाला, आत्या, सिंगल भरून टाक ना, सगळ्यांना माहितीये. माझाही आधी तोच विचार होता. दुसरा मार्ग लॅडज रेकॉर्डचा, पण त्याचा अर्थ क्लीव्हलँडने क्रम मोडून बॅटिंग केली असा होतो, म्हणजे उगाच त्यांच्यावर आळ. पण हे लिहिता लिहिताच माझं मत बदलतंय. मॅचची बरोबर फाइल रेट्रोशीटवर आहेच, ती परत बनवून मी काय मिळवणार? मला दादाची मॅच हवीये. एवढ्या सगळ्या वह्यांमध्ये त्याने सोडलेला हा एकमेव बॅटर, आणि त्या दोन मिनिटांत तो फोनवर काहीच बोलत नव्हता हे मला आठवतंय, मी हॅलो हॅलो करत होते. तेव्हा ठरलं, चौकट कोरीच राहणार. स्क्रिप्टला त्या ओळीवर पुढे जायला सांगायचं आणि कॉम रेकॉर्डमध्ये, म्हणजे शेऱ्याच्या ओळीत, लिहायचं, स्कोअररने इथे पेन्सिल खाली ठेवली.

आणि मग सगळ्याच वह्यांना हाच नियम लावावा लागेल. म्हणजे मी आधी दुरुस्त केलेल्या फाइल्स परत उघडायच्या. असो.

स्कॅनिंगबद्दल विचारलं होतं कोणीतरी. दुकानात देऊ नका. इथल्या एका दुकानाने पानांच्या कडा छाटूनच स्कॅन केलं, आणि दादा पिचचे ठिपके नेमके कडेला टाकायचा. स्पायरलची वही फ्लॅटबेडवर नीट बसत नाही, त्यापेक्षा खिडकीजवळ ठेवून फोनने फोटो काढलेले बरे, उजेड एका बाजूने आला की खोडलेलंही दिसतं. तो पुण्याहून कॅमलिनच्या पेन्सिलच्या शिसांचे डबे न्यायचा, आणि खरं सांगते ते अक्षर आजही ठसठशीत आहे, 2003 च्या एका वहीत त्याने कुठलंतरी जेल पेन वापरलंय ते पार पसरलंय.

तीच वही पुढे घेतेय. त्यात 14 ऑक्टोबरची मार्लिन्सविरुद्धची गेम सिक्स आहे. आठवी इनिंग, मार्लिन्सचे आठ रन. त्या रात्री सगळ्यांनी स्टँडमधल्या एका प्रेक्षकाला धारेवर धरलं, दादा मात्र शेवटपर्यंत म्हणायचा की डबल प्लेचा सोपा बॉल शॉर्टस्टॉपने सोडला त्याचं काय, आणि पानावरही ई6 ला (शॉर्टस्टॉपची चूक) इतके गोल मारलेत की कागद फाटलाय. फाटलेल्या पानाला मागून टिश्यू लावायचा म्हणे, कोणी केलंय का? जेल पेनची शाई असताना गव्हाची खळ चालेल की पसरेल, तेवढं सांगा.