हेच आपलं काम, हे कळलं कसं?

नर्सिंग शिकणाऱ्या मुली विचारतात, आणि पन्नाशीला नोकरी सोडू पाहणारी माणसंही विचारतात: "हेच आपलं काम आहे हे तुम्हाला कळलं कसं? आतून आवाज आला का?" मी शेवटच्या आजारातल्या रुग्णांची शुश्रूषा करते, म्हणून यामागे काही साक्षात्कार असणार असं लोकांना वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आवाज आला नाही.

आठ वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये होते. काम आवडायचं, हातही बसला होता. एकदा माणसं कमी पडली म्हणून मला आठवडाभर पॅलिएटिव्ह वॉर्डात पाठवलं, म्हणजे जिथं बरं करण्यापेक्षा त्रास हलका करण्यावर भर असतो तिथं. तिथल्या एका आजोबांचं तोंड पार कोरडं पडलं होतं. शेवटच्या दिवसांत माणूस तोंडाने श्वास घेतो, पाणी गिळता येत नाही, जीभ लाकडासारखी होते. अशा वेळी ओला स्पंज नीट पिळून ओठांच्या आतून, हिरड्यांवरून हलकेच फिरवायचा. फार मागे न्यायचा नाही, उबळ येते. तासा-दोन तासांनी पुन्हा तेच. मी स्पंज फिरवत होते आणि आजोबांनी तो ओठांत धरून ठेवला. सोडेनात. मीही ओढला नाही. दोन-तीन मिनिटं आम्ही दोघं तशीच थांबलो.

बस, एवढंच घडलं. थिएटरमधला चांगला दिवस घरी पोचेपर्यंत पुरायचा. ही तीन मिनिटं मला कित्येक महिने पुरली.

पुढे इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश सैनिकाबद्दल, जो नंतर ख्रिस्ती संत झाला, वाचलं तेव्हा या अनुभवाला शब्द मिळाले. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला शौर्यकथा हव्या होत्या, मिळाली ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. तो दोन्हींची स्वप्नं रंगवायचा, पराक्रमाचीही आणि संतांसारखं जगण्याचीही. रंगवताना दोन्हींत सारखाच रमायचा. पण पहिलं स्वप्न ओसरलं की मन कोरडं पडायचं, दुसरं ओसरल्यावरही समाधान टिकायचं. हा फरक त्याच्या ध्यानात आला, आणि मला वाटतं, हाक ओळखण्याचं सगळं मर्म यातच आहे. काम करताना काय वाटतं यापेक्षा ते संपल्यावर मागे काय उरतं, ते बघा.

मात्र एका आठवड्यावर मी विसंबले नाही. थिएटरमध्ये परत गेले, वर्षभर थांबले. भारावलेपण असतं तर तेवढ्यात विरलं असतं. शिवाय आमच्या वॉर्डच्या सिस्टरांना मी विचारलं, मी इथं शोभते का? आपल्या मनाचा कौल दुसऱ्याच्या डोळ्यांनी एकदा पडताळावा, असं माझं ठाम मत आहे. आणि वाट दिसली तरी घाई नको. मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेला आजचं रूप देणाऱ्या इंग्लंडच्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटलं, मग त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. 1948 मध्ये डेव्हिड टास्मा या मरणासन्न रुग्णाशी झालेल्या बोलण्यातून त्यांना आपली वाट दिसली. डॉक्टर झाल्या त्या 1957 मध्ये, आणि सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस, म्हणजे अशा रुग्णांसाठीचं शुश्रूषागृह, उघडलं 1967 मध्ये. मधली एकोणीस वर्षं त्या तयारीच करत होत्या.

आणि हो, अशी हाक प्रत्येकाला यायलाच हवी असं नाही. घर चालावं म्हणून इमानाने केलेलं काम मला तसूभरही कमी वाटत नाही.

मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीने विचारलं, "आयसीयू आणि मुलांचा वॉर्ड, दोन्ही आवडतं. ठरवू कसं?" मी म्हटलं, "ड्यूटी फार वाईट गेली, तर दुसऱ्या दिवशी कुठं जायला पाय उचलतो?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मुलांकडे. पण तिथं मला रडू येतं, सिस्टर."

"मलाही येतं," मी म्हटलं.